आम्ही येथे येऊन गेलो

रोम एका दिवसात उभं राहिलं नाही, असं आम्हाला शाळेत घोकायला लावलं होतं. ते एका दिवसात बघून मात्र होतं, हे आमच्या टूर मॅनेजरनं सिद्ध केलं. मिटलेली छत्री पताकेसारखी उंच धरून तो पुढे, आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतची आम्ही चाळीस-बेचाळीस मंडळी मागे. दिंडीच ती, फक्त टाळ नव्हते.

पँथिऑनमध्ये घुमटाच्या मधोमध भलंमोठं भोक आहे. सौभाग्यवतींनी वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अहो, पावसात गळत असेल ना?" गळतंच. पण पाणी जायला खाली फरशीतच भोकं ठेवली आहेत. जवळजवळ एकोणीसशे वर्षं उघड्या छपराखाली ती इमारत ठणठणीत उभी आहे, आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीला दर मे महिन्यात डांबर फासूनही चौथ्या मजल्यावर बादल्या लावाव्या लागतात. त्रेवीच्या कारंज्यात नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणे. हिनं दहा रुपयांचं टाकलं. तिथली नाणी गोळा करून गोरगरिबांसाठी वापरतात, त्यातल्या कुणाला आमचं नाणं मिळालं असेल तर त्याची क्षमा मागतो.

पण सांगायचं आहे ते सकाळचं. कोलोसियम. इसवी सन ८० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आम्ही आत शिरलो आणि थोड्या वेळानं पाहतो तो, आमच्या तुकडीतले घाटकोपरचे एक वयस्क गृहस्थ भिंतीशी पाठमोरे उभे. हातात घराची किल्ली.

"अहो, अहो काय करता!" मी ओरडलो. मग मी त्यांना जे सुनावलं त्याला तोड नाही. २०२३ साली एका तरुणानं इथंच किल्लीनं आपलं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं, त्याचं कुणीतरी चित्रण केलं आणि तो जगभर गाजला. पुढं त्यानं महापौरांना माफीचं पत्र लिहिलं. ही वास्तू एवढी जुनी आहे हे आपल्याला नंतर कळलं, असं त्यात होतं! हे सगळं मी त्यांना ऐकवलं. वारसा, संस्कृती, देशाची अब्रू, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

गृहस्थांनी किल्ली खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, "साहेब, आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. चाळीस वर्षं दारावर माझ्या नावाची पाटी होती, ती पण ढिगाऱ्यात गेली. म्हटलं, इथे तरी राहील."

यावर काय बोलणार? मी त्यांना खाकरा विचारला.

त्या रात्री हॉटेलात मला झोप लागली नाही. कारण वाचकहो, एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. १९७४ साली, आठवीत असताना, शाळेच्या सहलीत कान्हेरीच्या एका लेण्यात दगडी बाकाच्या वरच्या बाजूला मी कर्कटकानं माझं नाव कोरलं होतं. आडनावासकट. भूमितीत कर्कटकाचा एवढा उपयोग मी कधी केला नाही.

घरी परतल्यावर मी कायदा पाहिला. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० मध्ये तो कडक झाला, आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मनात वकील जागा झालाच. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं चित्र रंगवलेल्या खांबावर बोधिसत्त्वाच्या अंगावरच नाव आणि तारीख खरडली. त्याला दंड तर सोडाच, लेण्यांचा शोध त्याच्या नावावर जमा आहे. आणि आमच्या कान्हेरीतच, नव्वदाव्या लेण्यात, सन १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं, बापाच्या नावासकट, कोरून ठेवली आहेत. विद्वान ती भिंग लावून वाचतात. म्हणजे किती वर्षं थांबलं की गुन्ह्याचा शिलालेख होतो? हजार वर्षं पुरतात, दोनशे वर्षांवर थोडं लाजत का होईना भागतं. पन्नासला मात्र पोलीस.

"बरं, त्या पारश्यांनी आणि तू कोरलंस त्यात काही फरक?" मी मलाच विचारलं. सापडला एक. त्यांनी कोरलं तेव्हा इतकी थोडी माणसं कोरत असतील की भिंत भिंत राहत होती. रोजच्या हजारोंनी कोरायचं म्हटलं तर खडूनं लिहायलाही जागा उरणार नाही. पण हे उत्तर मला पटेना. पहिला आला तो सज्जन आणि शेवटी आला तो गुन्हेगार, हा न्याय लोकलच्या खिडकीच्या जागेचा झाला.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं कान्हेरीला गेलो. स्टेशनापासून रिक्षानं दहा मिनिटांवर राष्ट्रीय उद्यानाचं फाटक, तिथून आत सहाएक किलोमीटर. पन्नास वर्षं बोरिवलीत काढून मी तिथं दुसऱ्यांदा जात होतो. रोमचा हिशोब धरला तर बरोबरी व्हायला फक्त एक चक्कर कमी पडली असती. शंभरावर लेणी, जागोजागी पाण्याची कोरीव टाकी, कातळात खोदलेल्या पायऱ्या. ही म्हणाली, "इथं गळत नाही हो!"

खिशात मी घरून एक ओला फडका नेला होता. नाव सापडलं तर पुसायचं, असं हिला सांगितलं होतं. दगडावरचं कर्कटक फडक्यानं पुसतं का, हे तिनं विचारलं नाही. मोबाइलचा कॅमेराही खिशात होता, त्याबद्दलही तिनं विचारलं नाही.

तासाभरानं बाक सापडला. आणि माझ्या नावावर, बरोब्बर माझ्या नावावर, जाडजूड रेघांत कुणीतरी आपलं नाव कोरलेलं! खालून माझ्या आडनावाचं शेवटचं एक वेलांटीवालं अक्षर तेवढं डोकावत होतं.

"बघ, बघ या लोकांना काही अक्कल!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडून पहारेकरी आला. "काय झालं काका?"

"कुणीतरी नाव कोरलंय इथं," मी थरथरत म्हणालो.

"काय सांगू काका," तो म्हणाला, "तुमच्यासारखी सगळी शिकलेली माणसं आली असती तर."

हिनं माझ्या हातातला फडका घेतला, बाक स्वच्छ पुसला, आणि डबा उघडून बसली.