चि. अनिकेतला, बायडूच्या शेअरबद्दल

दादर, रविवार

चि. अनिकेत,


तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. वाकडच्या फ्लॅटसाठी ठेवलेली एफडी मोडायची, त्यात बोनस घालायचा आणि सगळ्याचे बायडूचे शेअर घ्यायचे, असा तुझा बेत आहे. कारणे तू तीन दिलीस. चीनमध्ये गुगल नाही, त्यामुळे बायडू हीच तिथली गुगल. एआय आणि चालकाविना टॅक्सी यांत ती आघाडीवर आहे. आणि कमाईच्या मानाने शेअर स्वस्त आहे. फोनवरही बोलता आले असते, पण आकडे कागदावर समोर असलेले बरे. माझी सगळी नोकरी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्यात गेली, आणि तुझ्या घराच्या पैशांचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कंपनी खोटी नाही, हे आधी सांगते. रॉबिन ली हा माणूस मूळचा अभियंता. पेकिंग विद्यापीठातून अमेरिकेत बफेलोला शिकायला गेला आणि 1996 मध्ये, गुगल स्थापन होण्याच्या दोन वर्षे आधी, त्याने दुव्यांवरून पानांचा क्रम लावण्याची रँकडेक्स नावाची पद्धत तयार केली. पुढे इन्फोसीक या सर्च कंपनीत काम करून तो परतला आणि 2000 च्या जानेवारीत एरिक शू याच्याबरोबर बीजिंगमध्ये बायडू सुरू केली. 2004 मध्ये खुद्द गुगलने 50 लाख डॉलर देऊन बायडूचा 2.6 टक्के हिस्सा घेतला होता. दोन वर्षांनी तो विकला तेव्हा 6 कोटी डॉलरच्या वर मिळाले.

आता नॅसडॅकवरचा पहिला दिवस बघ. 5 ऑगस्ट 2005. शेअर विकायला काढला 27 डॉलरना, पहिला सौदा झाला 66 ला आणि बाजार बंद झाला तेव्हा भाव होता 122.54. त्याआधीच्या संपूर्ण वर्षाचे कंपनीचे उत्पन्न होते 1 कोटी 34 लाख डॉलरच्या आसपास, आणि त्या संध्याकाळी बाजाराने तिची किंमत केली 4 अब्ज डॉलरच्या घरात. म्हणजे वर्षाच्या विक्रीच्या सुमारे तीनशे पट. त्या दिवशी शेअर घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना चिनी वाचता येत नसावे. त्यांनी तिथली लोकसंख्या पाहिली, वर्षभरापूर्वी बाजारात आलेल्या गुगलचा शेअर कसा चढला ते पाहिले आणि दोन्हींचा गुणाकार केला. पुढच्या सहा-सात महिन्यांत भाव निम्म्याच्याही खाली आला.

यावर तू म्हणशील, "आत्या, पण ज्यांनी धरून ठेवले त्यांचे काय?" त्यांचे सोने झाले. 2010 मध्ये एकाचे दहा शेअर झाले, ते धरून हिशेब केला तर पहिल्या दिवशीच्या चढ्या भावाला घेतलेला शेअरही 2014 अखेर सुमारे अठरा पट झाला होता. पण तो काळ कसला होता ते बघ. 2005 च्या मध्यावर चीनमध्ये इंटरनेट वापरणारे जेमतेम 10 कोटी होते, 2014 अखेर ते 65 कोटींच्या जवळ गेले. शिवाय मधेच, 2010 च्या जानेवारीत, गुगलने शोधाच्या निकालांना कात्री लावायला नकार दिला आणि मार्चमध्ये आपली चिनी सेवा हाँगकाँगला वळवली. माणसे सहापट झाली आणि मोठा प्रतिस्पर्धी आपण होऊन निघून गेला. असा योग कंपनीच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तो येऊन गेला आहे.

त्यानंतरच्या दहा वर्षांचे दोन आकडे देते. 2014 मध्ये बायडूचे उत्पन्न होते सुमारे 49 अब्ज युआन, 2024 मध्ये सुमारे 133 अब्ज. जवळजवळ पावणेतीन पट. आणि शेअर? 2014 अखेर सुमारे 228 डॉलर, 2024 अखेर सुमारे 84. कंपनी वाढली, भागधारकाचे भांडवल मात्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आले. मधे 2021 च्या फेब्रुवारीत भाव 300 डॉलरच्या वर जाऊन आला आणि पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 80 च्या खाली होता. वाढ कंपनीची असते; त्यातले आपल्यापर्यंत काय पोचते, हा वेगळा प्रश्न आहे आणि तुझ्या मेसेजमध्ये तो कुठेच नव्हता.

हे का झाले, ते नीट समजून घे, कारण "गुगल नाही म्हणून बायडू" हे तुझे पहिले कारण इथेच डळमळते. वाटाड्याचा धंदा गावातली दारे उघडी असतील तोवरच चालतो. सर्च कंपनी दुसऱ्यांची उघडी पाने वाचून त्यांचा पत्ता सांगते. चीन सरकारच्या भिंतीने गुगलला बाहेर ठेवले खरे, पण आतल्या मोठ्या कंपन्यांनी आपापली दारे बायडूलाही बंद केली. ताओबाओ या अलीबाबाच्या ऑनलाइन बाजाराने 2008 मध्येच बायडूच्या शोधयंत्रणेला आपली पाने वाचायला मनाई केली. म्हणजे वस्तू विकत घ्यायला निघालेला ग्राहक, ज्याच्यासाठी जाहिरातदार सर्वांत जास्त पैसे मोजतो, तो थेट ताओबाओवर जाऊन शोधू लागला. 2011 मध्ये वीचॅट आले. पुढे लेख, बातम्या, दुकाने, सरकारी सेवा असे सगळे त्या एका ॲपच्या पोटात गेले, आणि तिथले बायडूला दिसत नाही. मग बाइटडान्सचे तोउत्याओ हे बातम्यांचे ॲप आणि 2016 मध्ये दोउयिन आले. आपण ज्याला टिकटॉक म्हणायचो, त्याचे हे चिनी भावंड. माणूस काही शोधायच्या आधीच त्याला काय आवडेल ते समोर येऊ लागले. जाहिरातीचा पैसा लोकांचा वेळ जिथे जातो तिथे जातो. त्यामुळे शोधाच्या बाजारात पहिला क्रमांक टिकवूनही बायडूच्या हाताखालून तो बाजारच सरकत गेला. 2019 च्या पहिल्या तिमाहीत, शेअर बाजारात आल्यापासून प्रथमच, कंपनीने तोटा दाखवला.

मुख्य धंद्याला मर्यादा दिसू लागल्या की कंपन्या विस्ताराकडे वळतात, आणि गुंतवणूकदारांना ते ऐकायला आवडते. बायडूने 2008 मध्ये जपानमध्ये सर्च सुरू केले, ते 2015 मध्ये बंद केले. 2013 मध्ये मोबाइल ॲप वाटणारी 91 वायरलेस ही कंपनी सुमारे 1.9 अब्ज डॉलरना घेतली. 2014 मध्ये ब्राझीलची पेइशे उर्बानू ही कूपन विकणारी कंपनी घेतली, तीन वर्षांत ती सोडली. 2015 मध्ये लीने नुओमी या सवलतींच्या सेवेत तीन वर्षांत 20 अब्ज युआन ओतण्याची घोषणा केली. त्याच वर्षी मेइतुआन आणि दिआनपिंग हे दोन प्रतिस्पर्धी एक झाले आणि ती लढाई हाताबाहेर गेली. जेवण घरपोच देण्याचा धंदा 2017 मध्ये उलम (Ele.me) या कंपनीला विकून टाकला. आयचीयी ही व्हिडिओ सेवा लोकप्रिय झाली, पण अनेक वर्षे तोट्यात चालली. या प्रत्येक घोषणेच्या दिवशी "विस्तार" हाच शब्द होता. त्यात गेलेले पैसे सर्चच्या कमाईतले, म्हणजे भागधारकांचेच होते.

एआयचे मी तुला नाकारणार नाही. बायडूने यात अनेकांच्या आधी हात घातला. 2014 मध्ये अँड्र्यू एंगसारखा संशोधक तिथे रुजू झाला, 2017 मध्ये अपोलो हा स्वयंचलित वाहनांचा प्रकल्प सुरू झाला, आणि वुहानच्या रस्त्यांवर चालकाविना टॅक्सी खरोखर प्रवासी घेऊन फिरतात. पण 16 मार्च 2023 ला अर्नी बॉट हा एआय चॅटबॉट जाहीर करताना, ली मंचावर बोलत असतानाच, हाँगकाँगमध्ये शेअर कोसळत होता, कारण प्रात्यक्षिक आधीच चित्रित केलेले होते. चीनमध्ये आज अशी एआय मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या थोड्या नाहीत, आणि त्यांतल्या अलीबाबा, टेन्सेंट, बाइटडान्स यांच्या खिशात बायडूहून जास्त पैसा आहे. शिवाय प्रश्नाला थेट उत्तर मिळाले की लोक जाहिरातीच्या दुव्यावर कशाला बोट ठेवतील? बायडूचे नवे काम यशस्वी झाले तर ते तिच्या जुन्या कमाईलाच खाणार आहे. तू याच क्षेत्रात काम करतोस, हे तुला माझ्यापेक्षा चांगले कळेल.

एक गोष्ट मात्र हिशेबाच्या पलीकडची आहे, आणि ती मला जास्त सलते. ही कमाई कशी होते ते पाहा. शोधशब्दावर बोली लागते. क्लिकमागे जो जास्त देईल त्याची जाहिरात वर. बायडूत सुरुवातीची कित्येक वर्षे पैसे भरलेले निकाल आणि साधे निकाल ओळखणे कठीण होते. आजारांच्या नावांवर खासगी दवाखाने चढ्या बोली लावत. 2008 मध्ये चिनी सरकारी दूरचित्रवाणीने परवाना नसलेल्या औषधविक्रेत्यांच्या जाहिरातींचा प्रकार उघड केला आणि शेअर घसरला, पण व्यवस्था मूळची तीच राहिली. 2014 मध्ये शीआनमधल्या एका विद्यार्थ्याला दुर्मीळ कर्करोग झाल्याचे कळले. घरच्यांना बायडूवर शोधताना बीजिंगमधल्या एका रुग्णालयाचे नाव वर दिसले. तिथल्या उपचारांवर कुटुंबाचे 2 लाख युआन गेले, उपयोग झाला नाही, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये, 21 व्या वर्षी, तो मुलगा गेला. जाण्यापूर्वी त्याने हे सगळे लिहून ठेवले होते. देशभर संताप उसळला. मग सरकारने जाहिरातींवर ठळक खूण करण्याचा, पानावरचे त्यांचे प्रमाण मर्यादित ठेवण्याचा आणि केवळ बोलीवर क्रम न लावण्याचा आदेश दिला. जूनमध्ये कंपनीला आपल्या तिमाही उत्पन्नाचा अंदाज खाली आणावा लागला. म्हणजे आधीच्या वर्षांतल्या ज्या वाढीचे कौतुक चालले होते, तिच्यातला काही भाग अशा बोलींचा होता. नफ्याचा आकडा दिसला की तो कोणाच्या खिशातून आला हे विचारत जा. तुझ्या आजोबांच्या आजारपणात तू रात्र-रात्र फोनवर काय शोधत होतास, ते मी पाहिले आहे.

आणि विकत काय घेतोस तेही पाहा. नॅसडॅकवर मिळते ती केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीच्या भागाची पावती. चीनमध्ये इंटरनेट सेवेचे परवाने परकीय मालकीच्या कंपनीला सहजी मिळत नाहीत, म्हणून ते तिथल्या नागरिकांच्या नावावरच्या चिनी कंपनीकडे असतात आणि केमनची कंपनी तिच्याशी करार करून नफ्यावर हक्क सांगते. हे करार चिनी न्यायालयात टिकतील का, याची खात्री खुद्द बायडूच्या अहवालातही दिलेली नाही. जोखमीच्या प्रकरणात ते स्पष्ट लिहिले आहे. अलीबाबाचा अलीपे हा पैशांच्या व्यवहारांचा विभाग असाच जॅक मा याच्या ताब्यातल्या कंपनीकडे गेल्याचे 2011 मध्ये उघड झाले, तेव्हा याहूसारख्या मोठ्या भागधारकालाही ते झाल्यावर कळले असे याहूने सांगितले. बायडूत संस्थापकाच्या शेअरला दहापट मते आहेत, त्यामुळे सभेत तुझ्या हाताला वजन नाही. शेअर स्वस्त आहे, हे तुझे तिसरे कारण. कंपनीकडे रोकडही भरपूर आहे. पण बाजारात आल्यापासून 2024 पर्यंत तिने लाभांश दिला नव्हता. बाजाराने जो भाव कमी लावला आहे, त्यात हे सगळे धरलेले आहे.

इथल्या बाजूचेही थोडे. एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, तोवर अडकतो. परदेशी शेअर एक असला तरी विवरणपत्रातले परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावेच लागते. ते राहिले तर, मालमत्ता ठरावीक रकमेच्या वर असल्यास, काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून तुझ्या सीएला आधी विचार. हाँगकाँगच्या तंत्रज्ञान कंपन्यांचा ईटीएफ आपल्याकडे मिळतो, पण परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे नवे युनिट सहज निघत नाहीत आणि बाजारभाव कधीकधी निव्वळ मूल्याच्या बराच वर असतो. घेण्यापूर्वी दोन्ही आकडे शेजारी मांडून बघ.

आता माझे म्हणणे. एफडी मोडू नकोस. बिल्डर हप्ता तारखेला मागतो, त्याला बायडूचा भाव सांगून चालत नाही. बोनसमधले जास्तीत जास्त दहा टक्के घाल, तेही पुढच्या दोन रविवारी कंपनीचा 20-एफ हा वार्षिक अहवाल वाचल्यानंतर. जोखमीचे प्रकरण आधी वाच, मग जाहिरातीचे उत्पन्न गेल्या पाच वर्षांत वाढले की घटले ते काढ, आणि क्लाउडचे उत्पन्न त्याची जागा किती भरून काढते ते वेगळे लिही. एवढे झाल्यावर तुझे मत बदलले नाही तर वही घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघे बसून बघू. येताना आईला सांग, तिने मागितलेला मेतकुटाचा डबा भरून ठेवला आहे.

तुझी,
माधवीआत्या