स्पीवाहच्या थापा आणि असत्याची व्याख्या

बोलणाऱ्याला आपले विधान खोटे असल्याचे ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते, आणि तरीही दोघे गंभीर चेहऱ्याने ते खरे मानून चालतात, तेव्हा त्या बोलण्याला असत्य म्हणावे की नाही, हा नीतिशास्त्रातला प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. कारण असत्याची जी व्याख्या अशा थापेला पकडते ती निम्म्या काव्यालाही दोषी ठरवते, आणि जी व्याख्या तिला सोडून देते तिच्या आडोशाने बरीच लबाडी निसटू शकते. या प्रश्नाच्या तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातील ‘बुश’मध्ये, म्हणजे शहरांपासून दूर पसरलेल्या रानांच्या आणि कुरणांच्या मुलखात, एकोणिसाव्या शतकात रुजलेला ‘यार्न’ हा कथनप्रकार फार उपयोगी पडतो. यार्न म्हणजे शेकोटीभोवती किंवा लोकर कातरण्याच्या शेडमध्ये, कसलीही घाई नसलेल्या माणसाने लांबण लावून सांगितलेली गोष्ट. तिच्यातले तपशील काटेकोर असतात, सांगणारा स्वतः कधी हसत नाही, आणि अतिशयोक्ती अशी पायरीपायरीने चढत जाते की पाय जमिनीवरून नेमका कुठे सुटला हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

या कथांपैकी पुष्कळशा ‘स्पीवाह’ नावाच्या एका ‘स्टेशन’वर, म्हणजे प्रचंड विस्ताराच्या मेंढपाळी मालमत्तेवर घडतात. या नावाचे ठिकाण मरे नदीच्या काठी खरोखर आहे. पण कथेतले स्पीवाह सांगणाऱ्यागणिक आणखी पलीकडे सरकत जाते. तेथील कांगारू डोंगराएवढे असतात, एमू पक्ष्याच्या रिकाम्या अंड्यात माणसे बिऱ्हाड थाटतात, आणि धुळीचे वादळ इतके दाट असते की ससे त्यातच बिळे खोदतात. या मुलखाचा नायक ‘क्रुकेड मिक’ हा मेंढ्या कातरणारा गडी. मालकाने चिडून त्याला कामावरून काढले त्या क्षणी त्याचा हात इतक्या वेगात होता की कंबर सरळ करून कात्री खुंटीला टांगेपर्यंत आणखी पंधरा मेंढ्या कातरून झाल्या, असे सांगतात. ॲलन मार्शल आणि बिल वॅनन यांच्यासारख्या लेखकांनी विसाव्या शतकात या गोष्टी लिहून काढल्या, तोवर त्या मुख्यतः तोंडोतोंडी फिरत होत्या. याच्या शेजारी एक नोंद ठेवण्याजोगी आहे: १० ऑक्टोबर १८९२ रोजी क्वीन्सलँडमधील ॲलिस डाउन्स येथे जॅकी हाउ या माणसाने हातकात्रीने सात तास चाळीस मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या, म्हणजे एका मेंढीला दीड मिनिटही लागले नाही. हा आकडा खरा मानला जातो. अनोळखी माणसाला मात्र तो मिकच्या पंधरा मेंढ्यांपेक्षा फारसा कमी अविश्वसनीय वाटणार नाही. तेव्हा विधान पटण्याजोगे आहे की नाही, या कसोटीवर थाप आणि सत्य यांची फारकत करता येत नाही.

ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाला दोन उत्तरे दिली, आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३९५च्या सुमारास असत्यावर लिहिलेल्या ग्रंथात विनोदाला आरंभीच बाजूला काढले आहे. बोलण्याचा सूर आणि बोलणाऱ्याची वृत्ती यांवरूनच फसवण्याचा हेतू नाही हे उघड होते, म्हणून विनोद असत्यात मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र असत्याचे अपाय करणारे, उपकारासाठी बोललेले आणि गंमतीचे असे तीन प्रकार मानून गंमतीच्या असत्यालाही असत्यातच ठेवले; त्याने कोणी फसत नसले तरी त्या वाक्याची जातच फसवी असते, म्हणून ते पाप खरे, पण लघुपाप, म्हणजे ईश्वराशी असलेला संबंध न तोडणारे पाप. अक्वायनस यांची बाजू तर्काला धरून आहे, पण तिला वाक्य सुटे काढून तपासण्याची सवय आहे, आणि यार्नमधले वाक्य सुटे काढले की ते यार्नमधले राहतच नाही.

भारतीय परंपरेत या विषयावर नेहमी पुढे केले जाणारे वचन महाभारताच्या आदिपर्वातले आहे. थट्टेत बोललेले असत्य घातक नसते, असा त्याचा आशय. परंतु ते वचन शर्मिष्ठेच्या तोंडी आहे, ययातीने शुक्राचार्यांना दिलेला शब्द मोडावा म्हणून ती त्याचा आधार घेते, आणि पुढे ययातीला अकाली वार्धक्याचा शाप भोगावा लागतो; म्हणजे ग्रंथाने सवलत सांगितली खरी, पण सवलत घेणाऱ्याला मोकळे सोडले नाही. याहून खोल उत्तर पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, सापडते. वनस्पतींनी सत्र केले, असे वाक्य वेदात येते. सत्र म्हणजे ज्यात ऋत्विज स्वतःच यजमान असतात असा दीर्घ सोमयाग. झाडे यज्ञ कसा करतील, हे वाक्य म्हणजे बहकलेल्या माणसाची बडबडच नव्हे काय, असा पूर्वपक्ष मांडून भाष्यकार शबर उत्तर देतात की हे वाक्य झाडांविषयी माहिती देतच नाही. झाडांनीसुद्धा जे केले ते विद्वानांनी करावे यात नवल काय, अशी ती सत्राची स्तुती आहे. अशा वाक्यांना ‘अर्थवाद’ म्हणतात, आणि प्रत्यक्षाशी उघड विरोध असलेल्या अर्थवादाला ‘गुणवाद’. यज्ञातला खांब म्हणजे सूर्यच, हे त्याचे ठरलेले उदाहरण. तूप माखलेला खांब तळपतो, एवढाच गुण तेथे सांगायचा असतो. या दृष्टीने पाहता वाक्याचे खरेखोटेपण त्याच्या शब्दार्थावर नव्हे, तर ‘तात्पर्या’वर, म्हणजे ते ज्या अर्थाकडे ऐकणाऱ्याला नेऊ पाहते त्यावर ठरते. मिकच्या पंधरा मेंढ्यांचे तात्पर्य मेंढ्यांच्या संख्येत नाही. नोकरी हातातून जात असतानाही ज्याचा हात थांबत नाही अशा कामगाराची ती स्तुती आहे, आणि मालकाची निंदा तिच्यात फुकट मिळते.

हाच नियम धुळीच्या वादळातल्या सशांनाही लागू पडतो. १८९५च्या सुमारास सुरू होऊन १९०३पर्यंत लांबलेल्या दुष्काळात ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांची संख्या सुमारे दहा कोटींवरून जवळजवळ निम्म्यावर आली. अशा काळात चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना होत असत. त्याआधीच्या पिढीत मेलबर्नचे बिशप जेम्स मूरहाउस यांनी मात्र प्रार्थनेपेक्षा पाणी अडवण्यावर आणि कालव्यांवर भर दिला होता. प्रार्थना आणि बंधारा यांच्या अधेमधे एक तिसरी वाट होती. सात वर्षांच्या बेडकांना अजून पोहता येत नाही, हे बुशमधल्या विनोदाचे वाक्य तक्रारच करते, पण ती कोणाकडे करायची हे उघडे ठेवते. बायबलमधला ईयोब आपले गाऱ्हाणे थेट ईश्वरासमोर मांडतो आणि उत्तर मागतो. यार्न सांगणारा उत्तराची अपेक्षा सोडून देतो, दुःख आणखी फुगवतो आणि शेजाऱ्याला हसवतो. ही अश्रद्धा आहे असे म्हणण्याची घाई करू नये, कारण संकट फुगवून सांगणाऱ्याने ते निदान नाकारलेले नसते.

येथवर थाप निर्दोष ठरते खरी, परंतु वर्तुळात ‘न्यू चम’, म्हणजे विलायतेहून नुकताच उतरलेला आणि मुलखाची काहीच माहिती नसलेला माणूस, येऊन बसला की हिशेब बदलतो. तेच वाक्य त्याच क्षणी जुन्यांसाठी गुणवाद असते आणि त्याच्यासाठी निव्वळ असत्य, कारण त्याला तात्पर्याकडे नेणारी खूणच दिसत नाही. सूर ओळखण्यासाठी आधी त्या मंडळीत असावे लागते, ही गोष्ट ऑगस्टीन यांच्या कसोटीने गृहीत धरली होती. न्यू चमची फजिती दीक्षाविधीसारखी असते, असा बचाव केला जातो आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण दीक्षेला शेवट असतो. फसलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात स्वतःची थाप ठोकण्याची मुभा मिळाली तर झाले ते शिक्षण; ती कधीच मिळाली नाही, तर तो केवळ खेळणे होता.

तात्पर्य न ओळखल्याने होणारा याहून मोठा दोष उलट दिशेने घडला आहे. उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी मुटिट्जुलू पाणवठ्याजवळ कुनिया ही अजगरीण आणि लिरू हे विषारी साप यांच्यात झालेल्या झुंजीच्या खुणा अनंगू लोक खडकावर दाखवतात. वरवर पाहता महाकाय प्राण्याने भूप्रदेशावर उमटवलेली खूण ही स्पीवाहच्या गोष्टींतही शोभावी अशी कल्पना आहे. परंतु अनंगूंच्या दृष्टीने ती ‘चुकुर्पा’चा, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, नात्यांचे नियम आणि भूमीविषयीची कर्तव्ये एकत्र सांगणाऱ्या विधीचा भाग आहे, आणि तिचे तात्पर्य आज्ञेचे आहे. वसाहतीतल्या माणसांना स्वतःच्या थापांमधले तात्पर्य चटकन कळत होते, मात्र त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्यांच्या कथनात त्यांना नुसती थापच दिसली. उलुरूची मालकी १९८५मध्ये अनंगूंकडे परत आली. त्यावर चढणे बंद व्हायला २०१९ उजाडले.

आजचा न्यू चम म्हणजे पर्यटक, आणि त्याच्या वाट्याला ‘ड्रॉप बेअर’ येतो: कोआलासारखा दिसणारा, बिबट्याएवढा, झाडावरून माणसाच्या डोक्यावर उडी घेणारा मांसाहारी प्राणी. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने आपल्या प्राण्यांच्या माहितीत त्याची रीतसर नोंद ठेवली आहे. जिची सारी प्रतिष्ठा खरे सांगण्यावर उभी आहे अशा संस्थेने हे करावे का, हा आक्षेप अक्वायनस यांच्या बाजूने सहज घेता येईल, कारण छापील नोंदीला सूर नसतो आणि चेहराही नसतो. मात्र संग्रहालयाने त्या प्राण्याला दिलेल्या ‘थायलार्क्टोस प्लमेटस’ या शास्त्रीय नावातच धाडकन खाली कोसळण्याची कबुली आहे, आणि तेवढी खूण ठेवण्याचे भान पुष्कळ गंभीर प्रकाशनांनाही नसते.