अंतर आणि तप

कलकत्त्याहून गंगासागरला जाणारा प्रवास तीन टप्प्यांत होतो. धर्मतल्याहून बसने वा मोटारीने काकद्वीपजवळील आठ नंबर लॉटचा घाट. तेथून मुरीगंगेचे विस्तीर्ण पात्र ओलांडून फेरीबोटीने कचुबेडिया. आणि पुन्हा सुमारे ३० किलोमीटर बसने कपिलमुनींचे मंदिर. ओहोटीला गाळामुळे पात्र उथळ होते, बोटी थांबतात आणि यात्रेकरू घाटावर भरतीची वाट पाहत बसतो.

या दुर्गमतेला श्रद्धेने अर्थ दिला आहे. इतर तीर्थे वारंवार घडतात, गंगासागर एकदाच, असे उत्तर भारतात म्हटले जाते. बंकिमचंद्रांच्या ‘कपालकुंडला’ (१८६६) या कादंबरीचा आरंभच गंगासागरहून परतणाऱ्या, धुक्यात वाट चुकलेल्या नावेने होतो. सोबत्यांसाठी सरपण आणायला उतरलेल्या नवकुमारला मागे टाकून ती नाव निघून जाते. प्रवासाचे भय हे तीर्थाच्या माहात्म्याचेच अंग होते.

२०२५ च्या अर्थसंकल्पात पश्चिम बंगाल सरकारने मुरीगंगेवरील पुलासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पूल झाला म्हणजे तीर्थ सुलभ होईल. पण सुलभ झालेले तीर्थ तीर्थ उरेल काय, अशी शंका भाविकाच्या मनात येऊ शकते. ही शंका केवळ भाबडी नव्हे. भरतीची वाट पाहताना धनिक आणि निर्धन एकाच घाटावर थांबतात. नदी कोणासाठीच लवकर भरत नाही. ही समता पुलावर राहणार नाही.

तथापि हे अंतर केवळ यात्रेकरूचे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सागर बेटावर दोन लाखांहून अधिक माणसे राहतात. शेजारचे घोडामारा बेट समुद्र गिळत असल्याने तेथून विस्थापित झालेल्या कुटुंबांनाही याच बेटाने आश्रय दिला. यात्रेकरू आयुष्यात एकदा वाट पाहतो; बेटावरील आजारी माणसाला, प्रसूतीच्या वेणांत असलेल्या स्त्रीला ती केव्हाही पाहावी लागते. एकाचे तप दुसऱ्याचा तुरुंग असेल, तर त्या तपाचे मूल्य काय?

सागरसंगमाच्या इतिहासात या प्रश्नाचे भीषण रूप सापडते. नवस फेडण्यासाठी मुले पाण्यात सोडण्याची तेथील प्रथा १८०२ साली कायद्याने बंद करावी लागली. तेथे व्रत एकाचे होते आणि प्राण दुसऱ्याचे जात होते. पुलाच्या वादाची त्या क्रौर्याशी तुलना करणे अर्थातच अन्यायाचे ठरेल. परंतु स्वतःच्या पुण्यासाठी दुसऱ्याला कष्टी ठेवता येत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

स्कॉटलंडमधील स्काय बेट १९९५ साली पुलाने मुख्य भूमीशी जोडले गेले. त्यानंतर रहिवाशांनी मोठा लढा दिला तो पुलावरील पथकराविरुद्ध. २००४ मध्ये तो रद्द झाला. जाण्यायेण्याचे मूल्य परवडावे, एवढीच त्यांची मागणी होती.

पंढरपूरला आगगाडी आणि एस.टी. कधीच पोहोचल्या, तरी आषाढीची वाट लाखो वारकरी पायीच चालतात. वाहन उपलब्ध असताना ते चालतात, म्हणूनच त्या चालण्याला साधनेचा अर्थ आहे. अपरिहार्य कष्ट सोसावे लागतात. तप मात्र स्वीकारावे लागते. मुरीगंगेवर पूल उभा राहिल्यावरही एखादा यात्रेकरू घाटावर भरतीची वाट पाहील, तर ती प्रतीक्षा सर्वस्वी त्याची असेल, आणि तिचा भार बेटावरील कोणाच्याही माथी पडणार नाही.