गरज सरल्यावर

डिसेंबरात आमच्या उर्दू शाळेची सहल घेऊन आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. परतताना कामशेतजवळ थांबलो. शिंदेवाडीच्या डोंगरावर रंगीत कापडी पंखांखाली माणसे तरंगत होती. वारा डोंगराच्या अंगावर आदळून वर चढतो, त्याच्यावरच हे पॅराग्लायडर टिकतात, इंजिन लागत नाही, असे आम्ही मुलांना समजावू लागलो. तेवढ्यात सातवीतल्या एकाने विचारले, “सर, ये फौजी हैं क्या?” हवाई छत्री म्हणजे फौज, हे त्याने चित्रांत पाहिलेले. आम्ही म्हणालो, “नहीं बेटा, खेल रहे हैं.”

उत्तर देऊन आम्हांला बरे वाटले. इंग्लंडात लॅशमला १९४२ साली लढाईसाठी विमानतळ बांधला. तिथून मॉस्किटो बॉम्बफेकी विमाने उडत. आज तिथे हौशी लोक बिनइंजिनाची ग्लायडर उडवतात. लढाईची जागा खेळाला मिळावी, याहून चांगले काय?

घरी आल्यावर मात्र नेवाळी आठवली. कल्याणजवळच्या या गावाच्या परिसरातल्या शेतजमिनी त्याच महायुद्धात इंग्रज सरकारने विमानतळासाठी घेतल्या. युद्ध १९४५ साली संपले, जमिनी परत आल्या नाहीत. पुढे नौदलाने त्यांच्यावर हक्क सांगितला. जून २०१७ मध्ये कुंपणाच्या भिंतीवरून आंदोलन पेटले, गाड्या जळाल्या. (जाळपोळीची बाजू आम्ही घेणार नाही.) उद्या नेवाळीत कोणी ग्लायडर उडवू लागला, तर आम्ही तसेच खूश व्हायचे काय? गरजेपोटी घेतलेली वस्तू अमानत असते. गरज सरली की घेणाऱ्याचा हक्कही सरतो. मग तिथे तोफ ठेवा नाहीतर पतंग उडवा, मालकाला विचारायलाच हवे. खेळ निरुपद्रवी, म्हणून हा प्रश्न मिटत नाही. उलट हसण्याखिदळण्यात तो झाकला जातो. कुणी म्हणेल, इतक्या वर्षांनी मालक कुठे शोधायचे? पण त्यांची नातवंडे तिथेच राहतात, भांडतात. शोधायला लांब जावे लागत नाही.

कामशेतच्या त्या दुपारी एक पॅराग्लायडर खालच्या भातखाचरात उतरला. कापणी होऊन गेली होती. मुले धावत सुटली. बांधावर एक मावशी बसल्या होत्या. आम्ही मुलांना तिथेच अडवले आणि आत येऊ का, म्हणून मावशींना विचारले.

“या की,” त्या म्हणाल्या, “पण पलीकडचा हरभरा तुडवू नका.”