टाका सारखा यावा म्हणून

हाताने घातलेला टाका सारखा यावा म्हणून एखादे साधन वापरले, तर तो टाका हाताचा राहतो की साधनाचा होतो? प्रश्न लहान आहे, आणि ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांना तो पोरकटही वाटेल. परंतु याच प्रश्नावरून चांगल्या, समजूतदार बायका पंधरा पंधरा दिवस एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी मोठे असले पाहिजे, असे वाटून हे चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी साधनांविषयी सांगते. इकडे जॉर्जियात गोधडीचा, म्हणजे येथील भाषेत क्विल्टचा, नाद पुष्कळ बायकांना आहे. त्यांच्यासाठी पाव इंच रुंदीची एक चिकटपट्टी मिळते. तिच्यावर आडव्या रेघा छापलेल्या असतात; कोणा पट्टीवर इंचाला चार, कोणावर नऊ, कोणावर बारा. पट्टी कापडावर लावायची, रेघेला रेघ धरून सुई घालायची, आणि काम झाले की त्याच दिवशी सोलून काढायची, नाहीतर गोंद कापडाला राहतो. चामड्याचे काम करणाऱ्यांकडे दातेरी चाक असते. ते फिरवले की सारख्या अंतरावर खुणा उमटतात. शिवाय धुतल्यावर जाणारी पेन्सिल, कापड ताणून धरणारी लाकडी रिंग, अंगुस्ताना ही मंडळी आहेतच.

हे सर्व पाहून आपल्यातील काही जुन्या बायका नाक मुरडतात. "आमच्या वेळी असले काही नव्हते, नजर हीच पट्टी," असे म्हणतात. पण खरेच नव्हते का? शाळेत शिवणाच्या तासाला पहिला धावदोरा आपण कशावर घातला होता? चौकडीच्या कापडावर! प्रत्येक चौकटीला एक टाका. ती चौकट म्हणजे छापलेली पट्टीच होती. रुमालाची कड सरळ यावी म्हणून कापडातला एक धागा ओढून काढीत, आणि त्या मोकळ्या ओळीवरून सुई चालवीत. शिंप्याचा खडू होता, आधी घालून मग उसवायचा कच्चा दोरा होता, आणि काही नसले तर अंगठ्याचे नख होते. कोकणातल्या आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक अंथरून गोधडी घालीत, तेव्हा कडेने घातलेली पहिली ओळ हीच दुसऱ्या ओळीची पट्टी असे. म्हणजे साधन तेव्हाही होते. विकत मिळत नव्हते एवढेच.

आता दुसरी गोष्ट. टाका सारखा हवा तो कशासाठी? केवळ दिसण्यासाठी असेल तर हा वाद इथेच सोडून द्यावा. पण तसे नाही. गोधडीतले थर धुताना सरकू नयेत म्हणून टाके असतात. एके ठिकाणी टाका लांब आणि दुसरीकडे आखूड असला, तर ओढ सगळीकडे सारखी बसत नाही. घट्ट टाक्यापाशी कापड चुण्या धरते, आणि सैल टाका कशात तरी अडकून तुटतो. एक तुटला की शेजारचे निघू लागतात.

माझा जन्म नर्सिंगमध्ये गेला, म्हणून एक उदाहरण तिथले देते. पोटाच्या ऑपरेशननंतर आतला थर शिवताना जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा खर्ची पडावा, हा नियम जेन्किन्स या डॉक्टरांनी १९७६ साली मांडला. पुढे नेदरलँड्समधील दहा हॉस्पिटलांत ५६० रुग्णांवर एक मोठी तपासणी झाली, ती २०१५ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आली. एका गटात कडेपासून एक सेंटिमीटरवर आणि दर सेंटिमीटरला टाका घातला, दुसऱ्या गटात कडेपासून पाच मिलिमीटरवर आणि दर पाच मिलिमीटरला. वर्षभराने पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरातल्या २१ जणांना त्या जागी हर्निया झाला होता, दुसऱ्या गटात १३ जणांना. एवढासा फरक, पण तो अंतर मोजून टाका घालण्याचा होता. तिथे कोणी सर्जन म्हणाला, "मी नजरेने घालतो, मोजणे माझ्या हाताला कमीपणाचे आहे," तर आपण त्याला कलावंत म्हणू का? आपण म्हणू, बाबा, पोट दुसऱ्याचे आहे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, टाका ज्याच्या अंगावर पडणार त्याच्या बाजूने विचार करावा. त्याला सारखेपणाची गरज असेल, तर साधन घेणे ही लबाडी नव्हे, तो प्रामाणिकपणाच आहे.

आपल्या धर्मातही याला मोठा आधार आहे. सेफेर तोरा लिहिणारा सोफेर कितीही सिद्धहस्त असला, तरी कोऱ्या चामड्यावर त्याला एकदम लिहिता येत नाही. आधी बोथट टोकाने ओळी आखाव्या लागतात. त्या आखणीला सिर्तूत म्हणतात. ओळी न आखता लिहिलेला सेफेर तोरा, अक्षर मोत्यासारखे असले तरी, चालत नाही. म्हणजे इथे आखणीची नुसती परवानगी नाही, सक्ती आहे. जो उत्तम लिहितो त्यालाही सक्ती आहे. हिब्रू अक्षरे त्या रेघेला खाली टांगलेली असतात, आपल्या मराठी अक्षरांसारखीच. मराठी शाळेत दुरेघी वहीवर अक्षर गिरवलेल्यांना हे समजावून सांगायला नको. सिसिथच्या कोपऱ्यातले भोक कडेपासून किती दूर असावे हेही असेच ठरलेले आहे: अंगठ्याच्या पेराहून जवळ नको, तीन बोटांहून लांब नको. नजरेवर भरवसा ठेवा, असे शहाण्या लोकांनी कुठे सांगितले नाही. बोट लावून पाहा, असे सांगितले.

मग साधन नेहमीच चांगले म्हणावे का? इथे मात्र थोडे थांबावे लागते, आणि इथेच आमच्या अल्फारेटातली गोष्ट सांगावी लागते.

आम्ही आठ-दहा बायका दर आठवड्याला एकीच्या घरी जमून हॉस्पिटलातील तान्ह्या मुलांसाठी लहान गोधड्या शिवतो. काही आपल्या, काही मराठी-गुजराथी, दोघी येथल्याच. आमच्यात एक मावशी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या हाताला कंप आहे. टाके वाकडे पडतात, आणि मधूनच एखादा लांब पडतो. एक दिवस त्या उठून गेल्यावर एका बाईने त्यांची ओळ उसवायला घेतली. म्हणाली, "त्यांना काय कळणार आहे? दिसायला बरे दिसेल." दुसरी म्हणाली, "अहो, राहू द्या, म्हातारीचे मन मोडेल." मग जो वाद झाला त्यात दोन तट पडले. एकीकडे सारखेपणा, दुसरीकडे दया.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटल्या. 'राहू द्या' म्हणणारीला मी विचारले, ही गोधडी कोणाची? तान्ह्या मुलाची. लांब, सैल टाक्यात बाळाचे बोट अडकते. दोऱ्याचा पीळ पायाच्या बोटाला बसला, तर रक्त थांबून बोट काळेनिळे होते. वॉर्डात काम केलेल्या प्रत्येक नर्सला हे ठाऊक आहे. तेव्हा म्हातारीच्या मनासाठी बाळाचे बोट धोक्यात घालणे ही दया नव्हे. उसवणारीला विचारले, वाकडा पण आखूड टाका कोणाला टोचतो? कोणालाच नाही. मग तो उसवण्याचे कारण काय? आपल्या गोधडीचा फोटो चांगला यावा, एवढेच ना? आणि उसवायचेच असेल, तर त्यांच्या पाठीमागे का?

पुढच्या वेळी मावशींना समोर बसवून सगळे सांगितले. लांब टाके कोणते, ते दाखवले. पट्टी लावून दिली, रिंग टेबलाला पक्की केली म्हणजे एक हात मोकळा राहील, दिवा जवळ घेतला, आणि सुईवर तीन-चार टाके एकदम न घेता एकेक टाका वरून खाली, खालून वर असा घ्यायला सांगितले. त्यांनी स्वतःच्या हाताने आपले लांब टाके काढले. वाकडे राहिले ते राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पोरी, पट्टी दिलीस ते बरे केलेस. रात्री मागून नीट करून ठेवले असतेत, तर मी इथे बसले होते कशाला?"

या बोलण्यात माझ्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आहे, असे मला वाटते. पट्टी हाताच्या आधी येते. ती हाताला सांगते, इथे जा. जायचे की नाही ते हातच ठरवतो, आणि जातोही हातच. मागून उसवून पुन्हा घातलेला टाका मात्र त्या माणसाला काढून टाकतो, आणि नाव त्याचेच ठेवतो. दोन्हींनी ओळ सारखी दिसेल, पण पहिल्या ओळीत मावशी आहेत आणि दुसऱ्या ओळीत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग प्रदर्शनात पट्टी लावून शिवलेली गोधडी बक्षिसासाठी मांडावी का? खुशाल मांडावी; विचारले तर खरे सांगावे. साधन वापरण्यात खोटेपणा नाही, ते लपवण्यात आहे. आमच्या घरापासून मोटारीने तास-सव्वा तासावर अथेन्स आहे. १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या बाई त्या परिसरातल्या. आदाम-हव्वा, काइन-हाबेल, याकोबाचे स्वप्न असे प्रसंग कापडाचे आकार जोडून त्यांनी एका गोधडीवर काढले, आणि १८८६ साली अथेन्सच्या कापूस-प्रदर्शनात ती मांडली. एका चित्रकार बाईंनी ती विकत मागितली, तेव्हा त्यांनी दिली नाही. पुढे ओढगस्त आली, तेव्हा दहा डॉलर मागून पाच डॉलरला द्यावी लागली. तरी नंतर त्या तिला पाहायला जात असत. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्यात हाताचे टाकेही आहेत आणि मशीनचेही. मशीन लावले म्हणून ती गोधडी कोणी मशीनची म्हणत नाही. ती हॅरिएटबाईंचीच आहे, कारण काय सांगायचे ते त्यांनी ठरवले होते.

परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा विचार शिवणापुरता ठेवून चालणार नाही. आपली नातवंडे मराठी बोलतात ती वाकड्या टाक्यांची असते. 'मी गेली' म्हणणारा मुलगा आणि 'मी आला' म्हणणारी मुलगी प्रत्येक घरात आहे. आपण काय करतो? एकतर हसून सोडून देतो, किंवा त्यांचे वाक्य आपणच पुरे करतो. पाहुण्यांनी विचारले तर उत्तर आपण देतो. हे मागून उसवणेच आहे. आपल्या वाडवडिलांनी काय केले ते आठवावे. हिब्रू सर्वांना समजत नव्हते, तर १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा छापली. ती पट्टीच होती. मराठीकडे डोळा ठेवून हिब्रू वाचणाऱ्याची पेसाह खरी नाही, असे कोणी म्हटले नाही.

तेव्हा माझी नम्र विनंती एवढीच. घरात कोणाचा हात कापत असेल किंवा कोणाची जीभ अडखळत असेल, तर त्याला आधी रेघ आखून द्यावी. ज्या चुकीने दुसऱ्याला इजा होईल ती त्याच्या समोर दाखवावी आणि त्यालाच दुरुस्त करू द्यावी. ज्या चुकीने कोणाचेच बिघडत नाही, ती तशीच राहू द्यावी. आमच्या त्या गोधडीच्या मधोमध एक ओळ वाकडी आहे. तिच्याखाली एखादे बाळ निजले असेल, तर त्याला त्या ओळीचा काही त्रास होत नसेल.