पंचबोलवरची हाक

गुड फ्रायडेला शाळा बंद असते खरी, पण वऱ्हाडातल्या पोरांची खरी सुट्टी परीक्षा संपल्यावरच. ती लांबतेही. ऊनच असं की विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. अकोल्यात पारा ४४-४५ वर गेला, की घरात एकच नाव निघतं: चिखलदरा.

परतवाड्याहून घाट चढून साधारण ११०० मीटर उंची गाठली, की गाडीच्या खिडकीतून येणारी झळ निवते. आणि इथंच बाबांची घाई सुरू होते. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, गाविलगड, सगळं दिवस मावळायच्या आत! १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हाच गाविलगड जिंकला, त्यांनाही एवढी घाई नसावी.

पोरांचं तंत्र निराळं. पंचबोलला हाक मारली, की दरी तीच हाक परत परत देते. पोरगं आधी स्वतःचं नाव ओरडतं, मग आजीचं, मग शाळेतल्या सरांचं टोपणनाव! आजी दगडावर टेकून डबा उघडते. दशम्या, ठेचा, कैरीचा तक्कू. बाबा घड्याळ दाखवतात. आई म्हणते, "अहो, राहू द्या नं. उन्हाळ्यात भीमकुंडाला पाणी तरी कुठं असते?"

तिचं म्हणणं रास्त आहे. धबधबा पाहायला श्रावणात पुन्हा जाता येईल. तोवर पोरांना मनसोक्त ओरडू द्या. उतरताना रबडीपुरता वेळ ठेवा, आणि घाट मात्र उजेडातच उतरा.