मोकळा हात

कृष्णाकाठच्या एका गावात आजीच्या मळ्यात जुनी, दगडी पायऱ्यांची विहीर होती. मे महिन्यात तिन्ही नातवंडं तिथं पोहायला जमत. थोरला तालुक्याच्या शर्यती जिंकलेला, मधली बेताची पोहणारी आणि धाकट्याच्या पाठीवरचा पत्र्याचा डबा नुकताच सुटलेला.

एके सकाळी थोरल्यानं विहिरीच्या झपाझप फेऱ्या मारल्या. आजी म्हणाली, "पुढं जाता येतंय तुला. आता एका जागी राहून दाखव. तिघंही या. भिंतीला हात लावायचा नाही, मधोमध उभं पोहायचं." काष्टा घट्ट खोचून आणि तो रिकामा डबा काखेत मारून तीही पाण्यात उतरली.

धाकटा पाय सरळ खाली झाडत होता, तळव्यांनी पाणी थापटत होता. खांदे बाहेर ठेवायची त्याची सगळी धडपड. पण अंगाचा जेवढा भाग पाण्याबाहेर येतो, त्याचं वजन पाणी पेलत नाही. ते हातापायांनाच पेलावं लागतं. त्यात त्याचं ध्यान सारखं तळाकडं.

"आजी, किती पाणी आहे गं?"

"चार पुरुष."

ऐकताच त्याचा श्वास आखूड झाला. खरं तर एक पुरुष पाण्यात आणि चार पुरुष पाण्यात तरंगायला बळ सारखंच लागतं. पण भ्यालेला जीव खोलीचंही ओझं उचलत असतो आणि नवशिक्याचे निम्मे श्रम त्यातच जातात, असं मला वाटतं.

थोरला छातीपर्यंत बाहेर होता. पण लाथ शर्यतीतली, माणसाला पुढं ढकलणारी. उभ्यानं ती मारता मारता मांड्या भरून आल्या, तरी बाकीच्यांपेक्षा उंच दिसायचं त्यानं सोडलं नाही. आजी म्हणाली, "दोन्ही हात वर कर." त्यानं केले आणि पाणी नाकाला लागलं. मधली हनुवटीइतकी बुडून, गुडघे फाकवून संथ पाय मारत होती. विचारलं तर उत्तर देई, पण तुटक.

आजीची हनुवटी पाण्याला टेकलेली. गुडघे पोटाजवळ, आणि त्यांच्याखाली दोन्ही पाय आळीपाळीनं गोल फिरत होते. एक डावीकडून, एक उजवीकडून, ताकातली रवी फिरावी तसे. एक पाय परत येत असताना दुसरा पाणी दाबतच असतो, म्हणून शरीर खालीवर होत नाही. वॉटरपोलो खेळणारे हीच लाथ घोटतात, कारण त्यांना तळाला पाय टेकायची मुभा नसते. आजीनं वॉटरपोलोचं नावही ऐकलेलं नव्हतं. छाती भरलेली ठेवून ती श्वास थोडा सोडायची, लगेच घ्यायची, आणि त्यातच मधलीला घरच्या लोणच्याचं काही सांगत होती.

तेवढ्यात धाकटा गप्प झाला. डोकं मागं, तोंड पाण्याच्या रेषेत. बुडणारा माणूस आरडाओरडा करतो, असं आपण धरून चालतो. पण तोंड क्षणभर वर येतं तेव्हा त्याला श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारणार? थोरला हाताच्या अंतरावर होता. त्यानं झेप घेतली, तर धाकटा त्याच्या खांद्यावरच चढला आणि दोघंही खाली गेले. आजी जवळ गेली नाही. हातभर लांब राहून तिनं डबा पुढं सरकवला. धाकटा वर आला तसा डब्याला बिलगला. आजीनं डब्याची दोरी धरून त्याला पायरीपर्यंत ओढत नेलं. थोरला ठसकत मागून आला.

"मी तर अगदी जवळ होतो," तो कसाबसा म्हणाला.

"होतास की. जोर पण माझ्यापेक्षा चौपट तुझ्यात. पण सगळा स्वतःला उंच ठेवण्यात घालवलास. त्याच्यासाठी काय उरलं?" आजीनं पदरानं धाकट्याचं तोंड पुसलं. "आणि घाबरलेल्याच्या मिठीत जायचं नसतं. त्याला धरायला काहीतरी द्यायचं."

दुसऱ्या दिवसापासून थोरला शिकायला लागला. पहिल्यांदा हनुवटी खाली आणणं, आणि तेच त्याला सगळ्यांत जड गेलं. मग पाय. मग एक हात बाहेर, मग दोन्ही. पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला तो डबा डोक्यावर धरून मधोमध उभा राही आणि शेजारी धाकट्याला पाय फिरवायला शिकवी. धाकट्याचं ध्यान अजूनही मधूनच तळाकडं जाई.

"दादा, खाली किती पाणी आहे रे?"

"तुझ्या हनुवटीइतकं. पाय फिरव."

धाकटा पाय फिरवू लागला.